घाणा थांबतो तो दिवस

शब्बाथाची, म्हणजे आठवड्यातील विश्रांतीच्या दिवसाची, आज्ञा बायबलच्या दहा आज्ञांमध्ये येते, आणि ती ज्याला उद्देशून आहे तो माणूस घरधनी आहे. त्याच्या पदरी दासदासी आहेत, गोठ्यात जनावरे आहेत आणि त्याच्या वेशीच्या आत पोटासाठी आलेला उपरीही राहतो. ज्याच्या शब्दावर इतरांचे हात चालतात त्याने आधी थांबावे आणि तो थांबला म्हणून बाकीच्यांनाही थांबता यावे, असा त्या आज्ञेचा रोख आहे. ख्रिस्ती उद्योजकाच्या विश्रांतीविषयी बोलताना हा रोख बहुधा सुटतो, आणि विश्रांती म्हणजे दमलेल्या मालकाची खाजगी सोय एवढाच अर्थ उरतो.

ही आज्ञा दोनदा सांगितली आहे आणि दोन्ही वेळा तिचे कारण वेगळे दिले आहे. बायबलमधील 'निर्गम' या पुस्तकाच्या 20व्या अध्यायात ते सृष्टीच्या उत्पत्तीत आहे, कारण सहा दिवसांच्या निर्मितीनंतर देवानेही विसावा घेतला. 'अनुवाद' या पुस्तकाच्या 5व्या अध्यायात मात्र मिसर (इजिप्त) देशातील इस्राएल लोकांच्या दास्याची आठवण करून दिली आहे. त्या दास्यात मिसरचा राजा फारो याने विटांसाठी लागणारा पेंढा देणे बंद केले, तरी रोजच्या विटांचा आकडा मात्र कमी केला नाही. विक्रीचे 'टार्गेट' आणि तुटपुंजी माणसे यांच्या कात्रीत सापडलेल्या आजच्या कोणत्याही व्यवस्थापकाला हा हिशेब परका वाटणार नाही. जो स्वतः अशा जाचातून सुटला त्याने हाती सत्ता आल्यावर दुसरा फारो होऊ नये, यासाठी ही आठवण आहे, आणि व्यवसाय चालवणाऱ्याला पहिल्या कारणापेक्षा हे दुसरे कारण अधिक बोचरे आहे.

ख्रिस्ती परंपरेने हा वारसा यहुदी परंपरेकडून घेतला, आणि त्या मूळ परंपरेचे एक अस्सल उदाहरण कोकणात आहे. रायगडच्या किनारपट्टीवरील बेने इस्राएल हे यहुदी लोक पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळत, पण शनिवारी, म्हणजे त्यांच्या शब्बाथाच्या दिवशी, त्यांचा घाणा बंद असे, म्हणून शेजारीपाजारी त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांच्या धर्मग्रंथाची शेजाऱ्यांना गंधवार्ता नसेल, पण शनिवारी घाण्याची लाट फिरत नाही आणि डोळ्यांवरची झापडे काढलेला बैल सावलीत रवंथ करत बसतो, हे गावाला दिसत होते. आज्ञेत बैलाचा उल्लेख स्पष्ट आहे, आणि येथे ती अक्षरशः पाळली जाई.

येशूच्या पुनरुत्थानाचा दिवस म्हणून ख्रिस्ती लोकांनी रविवार मानला, आणि 321 साली रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने न्यायालये व कारागिरांची कामे त्या दिवशी बंद ठेवण्याचा कायदा केला. शेतीच्या कामांना मात्र त्याने मुभा दिली, म्हणजे मूळ आज्ञेने बैलाला दिलेली सुटी कायद्याने परत घेतली. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवार मिळाला तो नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यातून, 1890 साली, आणि त्या मागणीमागे रविवार हा खंडोबाचा वार हेही एक कारण होते.

अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील हेपव्हिल येथे ट्रूएट कॅथी या बॅप्टिस्ट उपाहारगृहचालकाने 1946 साली भावाबरोबर एक लहानसे खाद्यगृह उघडले, जे आठवड्यातील सहा दिवस अहोरात्र चाले आणि रविवारी बंद असे. या निर्णयात श्रद्धा होती, तसा निव्वळ थकवाही होता, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही, कारण धर्माचरणाची सुरुवात दुखऱ्या पायांपासून झाली तरी चालते. पुढे त्यातून 'चिक-फिल-ए' ही मोठी साखळी उभी राहिली आणि रविवारचा नियम तसाच राहिला. आता सहा दिवसांत ही कंपनी सात दिवस चालणाऱ्यांच्या तोडीस तोड धंदा करते असे कौतुकाने सांगितले जाते, आणि नेमकी येथेच गफलत होते. विसाव्याने नफा वाढतो म्हणून विसावा घ्यायचा, तर तोही गुंतवणुकीचा एक प्रकार ठरतो आणि नफा घटताच मोडीत निघतो. आज्ञेत अशा परताव्याचे कोणतेही आश्वासन नाही.

दुकानाचे शटर ओढले म्हणजे मन थांबतेच असेही नाही. बॅप्टिस्ट धर्मोपदेशकाचा मुलगा असलेल्या जे. सी. पेनी याने दुकानांची प्रचंड साखळी उभारली, पण 1929च्या शेअर बाजारातील पडझडीनंतर संपत्ती गेली, प्रकृती ढासळली आणि मिशिगनमधील बॅटल क्रीक येथील आरोग्यधामात त्याला दाखल व्हावे लागले. तेथे एका सकाळी प्रार्थनामंदिरातून ऐकू आलेल्या स्तोत्राने आपल्याला सावरले, असे तो पुढे सांगत असे. मार्कच्या शुभवर्तमानात वादळात नाव भरू लागली असता येशू मागच्या बाजूला उशीवर झोपलेला आहे. सोबतच्या कोळ्यांना, म्हणजे नाव चालवण्यात मुरलेल्या लोकांना, त्या झोपेचाच राग येतो. सगळे आपल्याच खांद्यावर आहे असे मानणाऱ्या कर्तबगार माणसाला दुसऱ्याची शांत झोप बेजबाबदारपणाची वाटते.

मालक उपासनेला बसला असताना त्याच्या मोबाइलवरून हाताखालच्याला 'उद्या सकाळपर्यंत हवे' असा निरोप जात असेल, तर त्याचा रविवार हा फक्त त्याचाच रविवार आहे. आळीपाळीने मिळणारी साप्ताहिक सुटी शरीराला पुरते, पण त्या दिवशी काम चालूच असते आणि सुटीवरच्याचे कान त्याकडे लागलेले असतात; सर्वांचे काम एकाच वेळी थांबते तेव्हा कोणी कोणाला हाक मारण्याचा प्रश्नच राहत नाही. अटलांटाच्या मर्सिडीज-बेंझ स्टेडियममध्येही चिक-फिल-एचा एक गाळा आहे. तेथील व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलचे बहुतेक सामने रविवारीच होतात, स्टेडियम भरलेले असते, आणि चिक-फिल-ए बंद असते. त्या दिवसाचा गल्ला इतरांकडे जातो.