चरबीचं ऐका

शरीरात चरबीइतकी बोलणी कुणी खाल्ली नसतील. आरशासमोर पोटाची वळी चिमटीत धरून माणसं तिच्या नावानं खडे फोडतात. मला मात्र तिच्याबद्दल आदर वाटतो.

सूक्ष्मदर्शकाखाली तिची पेशी पाहावी. तेलाचा एकच टपोरा थेंब, आणि तो इतका फुगलेला की केंद्रक अगदी कडेला चेपून बसलेलं. सगळी जागा साठ्याला दिलेली. कडक उपास केला तर यकृतातलं ग्लायकोजेन एखाद्या दिवसात संपत येतं. पुढचा भार हीच उचलते. तिच्या एका ग्रॅममागे ९ कॅलरी, पिठूळ पदार्थांत जेमतेम ४. इन्सुलिन उतरलं की ती साठा मोकळा करते. त्यावर हृदय आणि स्नायू चालतात, आणि त्यातूनच यकृत मेंदूसाठी कीटोन तयार करतं.

एवढं करून ती गप्प बसत नाही, हे १९९४ मध्ये कळलं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन आणि सहकाऱ्यांना लेप्टिनचं जनुक सापडलं. हे संप्रेरक चरबी स्वतः रक्तात सोडते आणि मेंदूला साठ्याची खबर देत राहते. साठा घटला, लेप्टिन उतरलं, की भूक खवळते. डाएट करणाऱ्याचा हात पुन्हा डब्याकडे जातो त्यामागे हेही असतं. त्याला मनाचा दुबळा म्हणणं अन्याय आहे. जन्मतः लेप्टिनच न बनणाऱ्या मुलांची भूक कशानंच भागत नाही. केंब्रिजच्या डॉक्टरांनी अशा एका मुलीला लेप्टिनची इंजेक्शनं दिली आणि तिचं खाणं आटोक्यात आलं. बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात मात्र लेप्टिन भरपूर असतं. चरबी जीव तोडून सांगत असते, मेंदू दाद देत नाही.

तिनं मुक्काम कुठे केला याला फार महत्त्व आहे. कातडीखाली ती बहुधा निमूट राहते. पोटात आतड्यांभोवती आणि यकृतात शिरली की मधुमेहाला वाट मिळते. आणि हे अंगकाठीवरून ओळखू येत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःलाच मोजून घेतलं. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, दोघांचा २२.३. युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२! २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं दोघांचा शेजारी-शेजारी फोटो छापला. भारतीय आणि इंग्रज शरीरांतला हा फरक पाळण्यापासूनचा आहे. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची, पण आपल्या बाळांच्या पाठीवरची चरबीची घडी त्या मानानं फारशी कमी भरली नाही.

तेव्हा नुसत्या वजनकाट्यावर विसंबू नका. कमरेला टेप लावा. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या किंवा बाईची ८० च्या पुढे गेली असेल, तर अंगकाठी कितीही सडपातळ असो, रक्तातली साखर तपासून घ्या.