सुरुवात एक, अर्थ निराळा

इंग्रजीत 'क्वाइट' म्हणजे अगदी, पुरेपूर आणि 'क्वायट' म्हणजे शांत. दोन्ही शब्द पाच अक्षरांचे. दोन्हींची पहिली तीन अक्षरे क्यू, यू, आय. फरक काय तो शेवटच्या टी आणि ई यांच्या अदलाबदलीचा. मोठ्या माणसांना यात काही विशेष वाटत नाही. पण सुरुवातीची अक्षरे आणि शब्दाची लांबी पाहून अंदाजाने वाचणाऱ्या मुलाची इथे हमखास फसगत होते.

पुण्याहून मानेसरला बदलून आलेल्या एका घरात या फसगतीने सहा महिने सगळ्यांची झोप उडवली होती. वडील वाहनांच्या कारखान्यात. दिल्ली-जयपूर महामार्गावरच्या या गावाभोवती कारखान्यांची मोठी वसाहत आहे, त्यामुळे बदलीवर आलेली माणसे तिथे नवी नाहीत. लेक नऊ वर्षांची. दुसरीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली आणि आता एकदम इंग्रजी माध्यमात पडलेली.

आईने यावर घरगुती उपाय काढला. शंभर पानी वहीत तिने सारख्या सुरुवातीच्या, सारख्या लांबीच्या शब्दांच्या जोड्या अर्थासह लिहायला सुरुवात केली. 'एंजल' म्हणजे देवदूत, 'अँगल' म्हणजे कोन. 'प्रिन्सिपल' शेवटी ए-एल असेल तर मुख्याध्यापक किंवा कर्जातले मुद्दल आणि एल-ई असेल तर तत्त्व. 'स्टेशनरी'त आठवे अक्षर ए असेल तर जागचे न हलणारे, ई असेल तर वह्या-पेन्सिली. देवनागरीत लिहिताना दोन्ही स्टेशनरी सारख्याच, म्हणून वहीत प्रत्येकीचे स्पेलिंगही ठळक अक्षरांत.

"आमच्याकडे दोन्ही ब्रेक लागतात गं," वडील म्हणाले. "ए-के-ई वाला गाडीला आणि ई-ए-के वाला चहाला." भिंतीवरचे 'कॅलेंडर' ए-आरचे, ई-आरचे 'कॅलेंडर' म्हणजे कापड, कागद किंवा रबर रुळांमधून दाबून काढणारे यंत्र, ही भर त्यांचीच.

या जोड्यांच्या मुळाशी गेले तर मोठी गंमत सापडते. दोन्ही स्टेशनरी एकाच घरच्या आहेत. मध्ययुगीन युरोपात विद्यापीठांच्या आसपास पुस्तके विकणारा, फेरीवाल्यासारखा न हिंडता एका जागी दुकान मांडून बसणारा तो 'स्टेशनर'. त्याच्याकडचा माल ती स्टेशनरी. क्वाइट आणि क्वायट हेही एकाच लॅटिन शब्दाचे वंशज. एंजल आणि अँगल मात्र एकमेकांचे कोणीच नव्हेत; एक ग्रीक निरोप्यापासून आला, दुसरा कोपऱ्याच्या लॅटिन शब्दापासून. वडिलधाऱ्यांना हे वाचून मजा वाटते. लेकीला त्याचा काडीचाही उपयोग नव्हता.

रात्री पाठ केलेली जोडी सकाळी पुसलेली असे. शाळेच्या डायरीत 'निष्काळजी' हा शेरा तिसऱ्यांदा आला. पुण्याहून आजी फोनवर म्हणाली, "लक्ष नाही तिचं, दुसरं काही नाही. दोन धपाटे घाला."

पण एका दुपारी आईने लेकीला मराठी गोष्टीचे पुस्तक वाचायला दिले. तिने 'पाऊस'ला 'पाऊल' वाचले. पुढच्याच ओळीत 'वादळ'चे 'वादन' झाले. ही तर मातृभाषा! इथे नव्या माध्यमाला दोष देता येणार नव्हता. आई त्या दिवशी पहिल्यांदा मनातून घाबरली.

योगायोग असा, की या प्रश्नाचा अभ्यास करणारी संस्था त्याच मानेसरात आहे. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात डॉ. नंदिनी चॅटर्जी सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुले कशी वाचतात यावर अनेक वर्षे काम केले. देवनागरी वाचताना मेंदूच्या डाव्या भागाबरोबर उजव्या भागातील काही केंद्रेही कामाला लागतात, असे त्यांना आढळले. आपल्या काना, मात्रा, वेलांट्या अक्षराच्या चारी बाजूंना बसतात, हे लक्षात घेतले तर त्यात नवल नाही. याच केंद्राने २०१५ साली 'डाली' नावाची चाचणी तयार केली. डिसलेक्सिया, म्हणजे वाचनातील विशिष्ट अडचण, भारतीय भाषांत ओळखण्यासाठी. तिच्या पहिल्या चार भाषा हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी. पहिली ते पाचवीच्या मुलांची प्राथमिक पाहणी शिक्षकांना करता येते आणि सविस्तर तपासणी मानसतज्ज्ञ करतात.

मराठी मुलाला मराठीतच तपासण्याचे महत्त्व मोठे आहे. केवळ इंग्रजीतून पाहिले तर मूल भाषेला नवखे आहे की त्याला वाचनाचीच अडचण आहे, हे कळायला मार्ग नाही. दोन्ही भाषांत तेच अडखळणे दिसले, तर गोष्ट वेगळी. त्याचा बुद्धीशी संबंध नसतो, आळसाशी तर मुळीच नसतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अडचणीला स्थान मिळाले आहे. महाराष्ट्रातल्या पालकांसाठी मुंबईत १९९६ पासून महाराष्ट्र डिसलेक्सिया असोसिएशन काम करते आहे.

गुरुग्रामच्या मानसतज्ज्ञ बाईंनी लेकीला दोन्ही भाषांत तपासले. डिसलेक्सियाच निघाला. घराण्यात कोणाला असा त्रास होता का, असे त्यांनी विचारले, कारण ही अडचण पुष्कळदा घरातून येते. वडील जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मी दहावीला इंग्रजीत दोनदा बसलोय."

संध्याकाळी आजीला हे सांगितले तेव्हा फोनवर बराच वेळ आवाज आला नाही. "तुला मी पट्टीनं मारलं होतं रे त्यापायी," एवढेच ती म्हणाली आणि तिने फोन सुनेकडे द्यायला सांगितला. सुनेला ती म्हणाली, धपाट्यांचे काही मनावर घेऊ नकोस.

आता आईची वही बदलली आहे. सारख्या दिसणाऱ्या जोड्या एकदम शिकवायच्या नाहीत, हा बाईंचा पहिला नियम. तशा शिकवल्या की त्या एकमेकींत गुंततात. एक शब्द आधी पक्का करायचा. अक्षरे सुटी करून मोठ्याने म्हणायची, रव्याच्या ताटलीत बोटाने गिरवायची. दुसऱ्या शब्दाची ओळख मध्ये काही आठवडे जाऊ देऊन. रोज वीस मिनिटे, त्याहून जास्त नाही. जोड्यांची पाने आईने कात्रीने मधोमध कापली आणि अर्धी पाने कपाटात ठेवून दिली. गाडीचा ब्रेक आता पक्का झाला आहे. चहाच्या सुट्टीचा दिवाळीनंतर घ्यायचा आहे.