उसण, पायाळू आणि डेव्हनपोर्टचा हाडवैद्य

तर झालं असं, की जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी मी दारातला बर्फ काढायला गेलो. रात्रभर पडलेला, ओला आणि जड बर्फ. अर्धा रस्ता मोकळा झाला होता. फावडं भरून बाजूला टाकताना कमरेत जी काही चमक निघाली, की मी होतो तसाच वाकलेला राहिलो. समोरचे आजोबा खिडकीतून हात हलवत होते. मी पण हलवला. त्यांना वाटलं असेल, पोरगा काय मन लावून बर्फ बघतोय :)

आमच्याकडे कराडला याला 'उसण भरणे' म्हणतात. रात्री आईला फोनवर सांगितलं तर ती लगेच म्हणाली, "तिथे कोणी पायाळू आहे का बघ." शहरात वाढलेल्यांसाठी सांगतो, जो जन्मताना आधी पायांनी बाहेर येतो तो पायाळू. त्याने पाठीला पाय लावला की उसण जाते असा समज आहे. आमच्या टीममध्ये चौदा जण आहेत, पण सोमवारच्या मीटिंगमध्ये "तुमच्यातला पायाळू कोण?" असं विचारायची काही हिंमत झाली नाही.

मी राहतो मिसिसिपीच्या काठावर, डेव्हनपोर्ट नावाच्या गावात. ऑनसाईट येण्याआधी हे नाव कधी ऐकलंही नव्हतं. पण कायरोप्रॅक्टिक या प्रकाराचा जन्म इथलाच. १८९५ साली डी. डी. पामर नावाच्या, चुंबकीय उपचार करणाऱ्या माणसाने हार्वे लिलार्ड नावाच्या एका सफाई कामगाराचा मणका दाबला आणि त्याचा बहिरेपणा गेला, असा दावा केला. १८९७ मध्ये पामरने शाळा काढली, ती कॉलेज होऊन आजही गावात उभी आहे. मणका दाबून बहिरेपणा कसा जाईल हे मला आजही कळलेलं नाही. पण ज्या गावात हे सुरू झालं तिथेच माझी कंबर धरावी, हा योगायोग मोठाच म्हणायचा.

तिसऱ्या दिवशी एका कायरोप्रॅक्टरकडे गेलो. त्याने लगेच एक्स-रे काढला, स्क्रीनवर लाल रेघा मारल्या, "तुझे मणके सरकलेत" म्हणाला आणि चाळीस सिटिंग्जचं पॅकेज पुढे केलं. पैसे आगाऊ, आजच भरले तर सूट. पाठ दुखणारा माणूस घाबरलेला असतो आणि घाबरलेला माणूस कशावरही सही करतो. पेन हातात घेतलं होतं मी. बायको म्हणाली, "घरी जाऊन विचार करू." तिचे उपकार.

घाबरण्याचं खरं कारण वेगळं होतं. आमची चिमी तेव्हा आठ महिन्यांची होती, वजन आठ किलो. ती पाळण्यातून हात वर करायची आणि मी नुसता उभा. उचलायची भीती वाटायची. आणि ही भीती माझ्या ओळखीची होती, कारण तिच्याबरोबरच मी लहानाचा मोठा झालो.

बाबांची पिठाची गिरणी. मी पाचवीत असताना गव्हाचं पोतं उचलताना त्यांची कंबर गेली. डॉक्टरांनी तीन आठवडे फळीवर झोपवलं, पायाला वजनं लावली. ते उठले, पण परत वाकले म्हणून नाहीत. तेव्हापासून कमरपट्टा. खाली पडलेली किल्लीसुद्धा मी उचलून द्यायची. चिमी झाली तेव्हा व्हिडिओ कॉलवर म्हणाले, "मला काही उचलायला जमणार नाही हं तिला." हसून म्हणाले, पण मला ते लागलं.

असो. दुसऱ्या क्लिनिकमध्ये साठीच्या एक बाई होत्या. अर्धा तास त्यांनी पाठीला हातच लावला नाही, नुसते प्रश्न. लघवीवरचा ताबा गेलाय का? मांड्यांच्या मधे बधिर वाटतं का? पायातली ताकद कमी झालीय का? ताप, अचानक वजन घटणं? यातलं काहीही असेल तर माझ्याकडे नको, थेट हॉस्पिटलात जा, म्हणाल्या. मग पाय सरळ उचलून बघितला, गुडघ्यावर हातोडी मारली. "सहा वेळा ये. सहाव्या वेळेला फरक नसेल तर मी तुला पुढे पाठवीन." एक्स-रे नाही, पॅकेज नाही.

मग कुशीवर झोपवून, गुडघा दुमडून एक झटका दिला. कडकड असा आवाज आला आणि मी मनात देवाचं नाव घेतलं. मला वाटलं मणका जागेवर बसला. तर त्या म्हणाल्या, जागेवरून हललाच कुठे होता? सांध्यातल्या द्रवात दाब एकदम कमी झाला की वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज. आपण बोटं मोडतो तसाच. २०१५ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी एमआरआयमध्ये बोटाचा सांधा मोडताना हे टिपलंय. आवाज आला म्हणजे बरं झालं असं काही नाही.

आता ज्यांची कंबर धरलीय त्यांच्यासाठी कामाचं. पहिल्या झटक्यानंतर दुसऱ्या दिवशी जास्त दुखलं. मी चिडलो. पण एक-दोन दिवस अंग ठणकणं नेहमीचं असतं, आणि ते गेलंही. पहिल्या आठवड्यात मोज्यांची मारामारी. दुसऱ्या आठवड्यात तीन दिवस मस्त, चौथ्या दिवशी परत पहिले पाढे. हा बग कधी येतो कधी जातो, लॉगमध्ये काही सापडत नाही. तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं, की वाईट दिवस येतात, पण दोन वाईट दिवसांमधलं अंतर वाढतंय. तेच बघायचं. दररोज सकाळी "आज किती दुखतंय" बघत बसलात तर वेड लागेल.

त्यांनी घरी करायला दिलं ते साधं होतं. रोज चालणं, दर अर्ध्या तासाने खुर्चीतून उठणं, दोन-तीन व्यायाम. अंथरुणात पडून राहू नकोस, हे तर चार वेळा सांगितलं. मानेलाही झटका देऊ का विचारलं, तेव्हा मी नको म्हटलं. मानेच्या झटक्यानंतर क्वचित रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याच्या घटना आहेत, आणि माझी मान दुखतही नव्हती. त्यांनी लगेच मान्य केलं.

त्यांनी बरं केलं का? खरं सांगू, माहीत नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचली. त्यांत म्हटलंय, की नव्याने सुरू झालेली कंबरदुखी बहुतेकांची उपचार केले न केले तरी काळाबरोबर कमी होते, आणि गोळ्यांच्या आधी शेक, मसाज, अॅक्युपंक्चर किंवा हा मणक्यांचा झटका यांपैकी काही करून बघावं. म्हणजे पायाळू माणसाला श्रेय कसं मिळत गेलं तेही कळलं :) २०१५ च्या आणखी एका अभ्यासात कसलंही दुखणं नसलेल्या लोकांचे स्कॅन पाहिले होते. विशीतल्या सुमारे ३० टक्के लोकांच्या मणक्यांमधली गादी फुगलेली होती. दुखत काहीच नव्हतं. स्कॅनवरच्या रेघा म्हणजे दुखणं नव्हे.

चौथ्या भेटीत मी बाईंना चिमीबद्दल विचारलं. त्यांनी कोपऱ्यातलं आठ किलोचं वजन आणलं. "अंगाजवळ धर. गुडघ्यात वाक. उचल." चार वर्षं मेकॅनिकल केलंय मी. ओझं कमरेपासून जितकं लांब तितका कमरेवरचा ताण जास्त, ही तरफ परीक्षेत दहा वेळा सोडवलीय. लांब दांड्याच्या फावड्यावर ओला बर्फ घेताना मात्र आठवली नाही. वजन उचललं. काही झालं नाही. त्याच संध्याकाळी चिमीला उचललं. कमरेत जरासं दुखलं आणि मी घाबरलो नाही. माझ्यासाठी 'रिकव्हरी' ती. सहाव्या भेटीनंतर जाणं बंद केलं, बाईंनीही थांबवलं नाही.

मग बाबांना फोन केला. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अरे तुझं वय काय, माझं काय. माझं गेलंय ते गेलंय." मी म्हटलं, "बाबा, नुसतं फिजिओकडे जाऊन दाखवून या." बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "त्या डॉक्टरने तेव्हा सांगितलेलं, वाकलास तर परत उठणार नाहीस. म्हणून नाही वाकलो." वीस वर्षं एका वाक्यावर काढली या माणसाने. डॉक्टरचा दोष नाही म्हणणार मी, तेव्हा तसंच सांगायचे. पण नंतर कोणी येऊन "आता वाक" असं सांगितलंच नाही. मी पण नाही. मी किल्ल्या उचलून देत राहिलो.

आई सांगत होती, बाबा दोनदा फिजिओकडे जाऊन आलेत. पट्टा अजून सोडलेला नाही. पण सकाळी प्रीतिसंगमापर्यंत चालत जातात. डिसेंबरची तिकिटं काढलीत. चिमी तोवर तेरा किलोची वगैरे होऊ नये एवढीच इच्छा :)

चला, अर्ध्या तासाचा गजर झाला. उठतो. तुम्ही पण उठा.