राजाने मागून घेतलेलं नाव

नॉर्वेतल्या लिलेहामरला मार्चमध्ये बिर्कबाइनर शर्यतीचा शेवट बघायला मी गर्दीत उभी होते. रेनाहून डोंगर ओलांडून, ५४ किलोमीटर स्कीइंग करत माणसं येत होती आणि प्रत्येकाच्या पाठीवर किमान साडेतीन किलोंचं ओझं होतं. ते वजन एका बाळाचं, असं शेजारच्या आजोबांनी सांगितलं.

बाळाचं नाव होकोन. १२०६च्या हिवाळ्यात गादीवरून यादवी पेटली होती, तेव्हा बिर्कबाइनर गटाच्या दोन योद्ध्यांनी या चिमुकल्या राजपुत्राला बर्फातून, याच डोंगरांवरून सुखरूप नेलं. १२१७ साली तो राजा झाला. बर्गनच्या बंदराशी त्याने बांधलेला दगडी महाल, होकोनहालेन, आजही उभा आहे.

नाव जुन्या नॉर्स भाषेतलं. अर्थ साधारण ‘उच्चकुलीन पुत्र’. स्वीडनमध्ये त्याचंच होकान होतं.

सहावा होकोन १३८०मध्ये वारला आणि नंतर पाच शतकं या नावाचा राजा झाला नाही. नॉर्वे आधी डेन्मार्कच्या, मग स्वीडनच्या राजांखाली राहिला. १९०५मध्ये स्वीडनशी फारकत झाल्यावर डेन्मार्कच्या राजपुत्र कार्लला गादी देऊ केली गेली. आधी जनतेचा कौल घ्या, ही त्याची अट. कौल मिळाला, तेव्हा त्याने होकोन सातवा हे नाव धारण केलं आणि आपल्या छोट्या मुलाचं, अलेक्झांडरचं, नाव ओलाव केलं. परक्या घरातून आलेल्या माणसाने इथल्या इतिहासाशी नातं जोडायचा याहून नेमका मार्ग मला सुचत नाही.

एप्रिल १९४०मध्ये या नावाची कसोटी लागली. जर्मन सैन्य घुसलं होतं आणि नाझींना साथ देणाऱ्या क्विस्लिंग या नॉर्वेजियन नेत्याला पंतप्रधान नेमा, अशी त्यांची मागणी होती. राजाने मंत्रिमंडळाला सांगितलं, तुम्हाला हे मान्य करायचं असेल, तर मी गादी सोडतो. मंत्री त्याच्या पाठीशी राहिले. ७ जूनला तो ट्रोम्सोहून इंग्लंडला निघाला. मागे राहिलेल्या लोकांनी भिंतींवर, बर्फावर एकच खूण काढली: इंग्रजी एच आणि त्यात सातचा आकडा. अशा खुणेसाठी शिक्षा होत असे, तरी ती पुन्हा उमटे. १९४५मध्ये, त्याच ७ जूनला, राजा परतला.

आज नॉर्वेत शाळकरी मुलापासून आजोबांपर्यंत होकोन भेटतात. १९९४च्या लिलेहामर हिवाळी ऑलिंपिकच्या मुलगा-मुलगी शुभंकरांतल्या मुलाचं नाव हेच होतं आणि ज्योत पेटवली ती युवराज होकोनने. गादीवर येताना त्याने हेच नाव राखलं, तर तो होकोन आठवा ठरेल.