उभे राहण्यापुरती जागा

जॅक ही पारखून घ्यायची वस्तू आहे, हे पन्नाशी उलटेपर्यंत आमच्या गावीही नव्हते. गाडीबरोबर मिळालेला कात्री जॅक हरवला, तेव्हा दुकानातला सर्वांत दणकट दिसणारा, तीन टन पेलणारा हायड्रॉलिक बॉटल जॅक आम्ही घेऊन आलो. गाडी जेमतेम एक टनाची, आणि उचलायचा तोही तिचा एकच कोपरा. पण सामर्थ्याचा मोह हिशेबाला जुमानत नाही.

पुढे ऐन श्रावणात ताम्हिणी घाटात मागचे चाक बसले. हवा गेल्याने गाडी इतकी खाली आली होती की आमचा जॅक तिच्याखाली शिरेना. मागून आलेल्या एका सद्गृहस्थांनी आपला कात्री जॅक दिला. आमच्या चिरंजीवांनी नट सैल केले, गाडी उचलली. तोच भिजल्या मातीत जॅकचा तळ कलला आणि गाडी धाडकन खाली आली. चाकाखाली घातलेला हात त्याने क्षणापूर्वीच बाहेर काढला होता. ''बाबा, काही झालं नाही,'' तो म्हणाला. आमचे हात मात्र बराच वेळ थरथरत होते.

त्या गृहस्थांनी मग पुढच्या चाकांना दगड लावले, जॅकखाली फळी सरकवली, आणि दहा मिनिटांत स्टेपनी बसली.

पुन्हा दुकानात गेलो ते माप घेऊन. हवा गेलेल्या गाडीखाली किती जागा उरते, हे घरीच मोजले होते. या खेपेस 'किती टन?' हा प्रश्न शेवटी विचारला. आधी विचारले ते जॅक किती खाली वाकतो आणि त्याचा तळ किती रुंद आहे. दीड टनाचा कात्री जॅक घेतला. त्याचा स्क्रू फिरवायला वेळ लागतो, पण जिथे थांबवावा तिथेच तो थांबतो. तेल गळण्याची भीती नाही. सोबत एक जाड फळी ठेवली.

पृथ्वी हलवून दाखवतो म्हणणाऱ्या आर्किमिडीजची गोष्ट आम्ही वर्गात अनेकदा सांगितली, आणि प्रत्येक वेळी तरफेचेच कौतुक केले. त्याने आधी उभे राहण्यापुरती जागा मागितली होती, हे आमच्या ध्यानात आले ते त्या चिखलात.