प्रकाशाने मोजलेला वारा

वाऱ्यातली ऊर्जा त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग १० टक्के वाढला, की ऊर्जा सुमारे ३३ टक्के वाढते. वेग मोजण्यात एका टक्क्याची चूक झाली, तर ऊर्जेच्या हिशेबात ती जवळपास ३ टक्क्यांची होते. म्हणून पवनचक्क्या उभारण्याआधी त्या जागेचा वारा निदान वर्षभर मोजतात. त्यासाठीचे जुने साधन म्हणजे उंच मनोऱ्यावरचा फिरत्या वाट्यांचा वेगमापक. पण चक्क्यांचा आस आता १०० मीटरच्याही वर गेला आहे. तेवढा मनोरा जमिनीवर महाग पडतो आणि समुद्रात तर आवाक्याबाहेरच जातो. तिथे लायडर कामी येतो.

लायडर म्हणजे एक पेटी. तिच्यातून सुमारे दीड मायक्रोमीटर तरंगलांबीचा अदृश्य लेसर आकाशात जातो. दूरसंचाराच्या प्रकाशतंतूंमध्येही हाच पट्टा वापरतात, त्यामुळे सुटे भाग सहज मिळू लागले. हवेतली धूळ आणि मिठाचे कण वाऱ्याबरोबर वाहत असतात. त्यांच्यावरून परतलेल्या प्रकाशाची वारंवारिता डॉप्लर परिणामामुळे किंचित बदलते: सेकंदाला १ मीटर वेगासाठी सुमारे १३ लाख हर्ट्झ, म्हणजे मूळ वारंवारितेच्या पंधरा कोटींतला एक भाग. परतलेला प्रकाश मूळ प्रकाशात मिसळून हा फरक पकडतात. प्रकाश परतायला लागलेल्या वेळेवरून उंची कळते. १०० मीटरवरून तो मायक्रोसेकंदाच्या दोन तृतीयांशात परततो.

एका किरणाला मात्र फक्त स्वतःच्या दिशेतला वेग दिसतो. म्हणून काही किरण उभ्या रेषेपासून साधारण २८ अंश कलते ठेवून चार दिशांना सोडतात आणि त्यांच्या नोंदींतून वाऱ्याचा वेग व दिशा काढतात. शंभर मीटर उंचीवर समोरासमोरचे किरण एकमेकांपासून शंभर मीटरहून दूर असतात. तिथे सगळीकडे वारा सारखाच आहे, असे हे गणित गृहीत धरते. लायडरची सारी विश्वासार्हता या गृहीतकावर उभी आहे आणि ते खरे ठरते की नाही, हे जागाच ठरवते.

चेन्नईच्या दक्षिणेला सुमारे ४० किलोमीटरवर असलेल्या कोवलमसारख्या सपाट, वाळूच्या किनाऱ्यावर ते बहुतेक वेळ खरे ठरते. पण उन्हाळ्यात पश्चिमेचा वारा वाहत असताना दुपारी खारा वारा आत शिरतो. त्याची आघाडी पेटीवरून सरकताना समुद्राकडचा किरण एका वाऱ्यात असतो आणि जमिनीकडचा दुसऱ्यात. त्या वेळी मिळणारा आकडा दोन्हींपैकी कोणत्याच वाऱ्याचा नसतो. दहा मिनिटांच्या अशा सरासऱ्या वेगळ्या काढणे हे जाणकाराचे काम आहे, आणि त्यात कसूर परवडत नाही.

साताऱ्याच्या चाळकेवाडी-वनकुसवडे पठारावर अडचण याहून मोठी आहे. कड्यावरून चढणारी हवा वाकते, त्यामुळे किरणांना एकच वारा दिसत नाही आणि चूक काही टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. प्रवाहाच्या संगणकीय प्रतिमानाने ती सुधारता येते. तरीही अशा डोंगराळ जागी जोडीला मनोरा असावाच.

भारतातल्या लायडरचे सर्वांत मोलाचे काम समुद्रात झाले. २०१५ मध्ये राष्ट्रीय अपतट पवन ऊर्जा धोरण आले. त्यानंतर नोव्हेंबर २०१७ मध्ये खंभातच्या आखातात, पिपावावपासून सुमारे २३ किलोमीटरवर, एकखांबी मंचावर लायडर बसला. या कामातली प्रमुख सरकारी संस्था म्हणजे चेन्नईतल्या पळ्ळिकरणैची राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्था. मंचही परवडत नसेल तिथे तरंगत्या बोयावर लायडर ठेवतात. लाटांचे हेलकावे दहा मिनिटांच्या सरासरीत बरेचसे विरतात, पण वाऱ्याची खळबळ प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसते.

मुसळधार पावसाने हवा धुऊन निघाली, की कण कमी होतात आणि उंचावरच्या नोंदी गळतात. दाट धुक्यात किरण वर पोचतच नाही. २०१७ च्या आंतरराष्ट्रीय मानकाने चक्कीचा ऊर्जावक्र (वाऱ्याच्या कोणत्या वेगाला किती वीज मिळते, तो आलेख) मोजण्यासाठी लायडरला मान्यता दिली, ती सपाट जागी आणि मनोऱ्याच्या जोडीने. शिवाय मान्सून दरवर्षी सारखा नसतो. म्हणून वर्षभराच्या नोंदी अनेक दशकांच्या हवामान-नोंदींशी ताडून पाहतात आणि मगच चक्कीच्या पुढच्या वीस-पंचवीस वर्षांच्या उत्पादनाचा अंदाज बांधतात.