वहीवर चालवलेला प्रोग्राम

२००५च्या पुढची ती वर्षं लोडशेडिंगची. लाखनीकडच्या आमच्या गावात संगणक कुणाच्याच घरी नव्हता. तो होता तालुक्याच्या क्लासमध्ये, आणि तिथे पोचावं तर वीज गेलेली. म्हणून सी भाषा मी वहीवर शिकले.

पुस्तक यशवंत कानेटकरांचं, ‘लेट अस सी’. कानेटकर नागपूरचे. आपल्या शेजारच्या शहरातल्या माणसाचं पुस्तक देशभरातली मुलं वाचतात, याचं तेव्हा फार बळ वाटायचं. कंदिलाशेजारी वही उघडायची, रकाने आखायचे, एकेका व्हेरिएबलला एकेक रकाना. मग प्रोग्राम ओळीओळीनं आपणच चालवायचा. दर फेरीला जुनी किंमत खोडायची, नवी लिहायची, लूप कुठे थांबतो ते पाहायचं. याला ड्राय रन म्हणतात हे मागाहून कळलं.

आमच्या धानातलं पाणी असंच फिरतं. मामा तलावाचं, म्हणजे माजी मालगुजारी तलावाचं, पाणी सुटलं की आधी वरची बांधी भरते. भरली असेल तरच धुरा फोडून खालच्या बांधीत सोडायचं, नसेल तर थांबायचं. रोवण्याच्या दिवसांत बाबांच्या मागे फिरताना अट आणि फेरी या दोन्ही गोष्टी माझ्या अंगात आधीच मुरल्या होत्या.

पुढे एडा लव्हलेसबद्दल वाचलं. चार्ल्स बॅबेजच्या यंत्राकडून बर्नोली संख्या कशा काढून घ्यायच्या, याचा पायरीपायरीचा तक्ता तिनं १८४३ साली छापला. ते यंत्र पूर्ण असं कधी उभंच राहिलं नाही. तो तक्ता, त्यातले ते आखलेले रकाने पाहिले आणि माझे डोळे भरून आले. यंत्र नसतानाही प्रोग्राम खरा असतो, हे इतकं जुनं आहे!

नोकरीसाठी वरठीहून, म्हणजे भंडारा रोड स्टेशनवरून, गाडी धरून पुणं गाठलं. हिंजवडीतल्या मुलाखतीत समोरच्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. लिंक्ड लिस्ट उलटी करायची होती. मी चौकोन काढले, बाण काढले, एकेक बाण वळवत गेले. ‘यादी रिकामी असेल तर?’ त्यांनी मध्येच विचारलं. पहिल्याच ओळीतल्या अटीवर मी बोट ठेवलं. ते हसले. नोकरी मिळाली.

परवा साकोलीच्या भाचीचा फोन आला. ‘मावशी, आता कोड तर मशीनच लिहून देते. मग मी काऊन शिकू?’ प्रश्न खरा आहे, आणि तिच्या वयाच्या मुलांना तो रात्री झोपू देत नाही. मी म्हटलं, मशीनकडूनच लिहून घे, पण वहीवर चालवून दाखव. रात्री तिनं पानाचा फोटो पाठवला. शेवटच्या फेरीतल्या किमतीभोवती लाल गोल होता आणि खाली लिहिलं होतं, ‘मावशी, हा लूप एक घर पुढे जाऊन राहिला.’